शुक्रवारी न वाचलेली चिठ्ठी

मंगळवार, ६ सप्टेंबर

ही बहिणीच्या बाळंतपणाला गेली त्याला आज नऊ दिवस झाले. बाळ वेळेआधी आलं, अजून काचेच्या पेटीत आहे, त्यामुळे हिचा मुक्काम दोन महिने तरी हलत नाही. काल फोनवर मी शाळेबद्दल चार शब्द बोलायला गेलो तर म्हणाली, "अहो, इथे माझ्या डोक्याला ताप कमी आहे का? तुमचं रडगाणं वहीत लिहा. वही कंटाळत नाही." म्हणून ही वही. तसंही सव्वीस वर्षं इतिहास शिकवणाऱ्या माणसाने स्वतःबद्दल एक ओळ लिहून ठेवलेली नाही, हे काही बरं दिसत नाही.

तर रडगाणं असं. आमच्या शाळेत आरोग्य हा विषय आजवर नावालाच होता. खेळाचे सर मुलांना हात वर करायला लावायचे, खाली करायला लावायचे आणि मैदानावर पिटाळायचे. यंदा नव्या बाई आल्या. आधी आठ वर्षं इस्पितळात परिचारिका होत्या म्हणे. वय पस्तिशीचं. त्यांचा वर्ग माझ्या वर्गाला लागून, मध्ये नुसती फळ्यांची भिंत. मी इकडे साम्राज्य कसं लयाला गेलं ते जीव तोडून सांगतोय आणि तिकडून हशा. आज तर टाळ्या! प्लास्टिकच्या सांगाड्यासमोर टाळ्या कसल्या वाजवायच्या असतात?

माझ्या वर्गाचे कानही भिंतीकडेच. मी म्हणालो, "पडझड एका दिवसात होत नाही. लक्षणं आधीपासून दिसत असतात. सगळ्यांना दिसतात, फक्त दरबाराला दिसत नाहीत." वाक्य चांगलं होतं. त्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, हे परीक्षेत येणार आहे का?" हा प्रश्न मी हजार वेळा ऐकला असेल, पण आज तो लागला.

गुरुवार, ८ सप्टेंबर

माझा चौथा तास गेला. बुधवारचा. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, बोलावून गोड आवाजात सांगितलं. त्यांचा आवाज गोड झाला की समोरच्याने खुर्ची घट्ट धरावी.

"सर, नववीचा एक तास आरोग्याला देऊ या. इतिहास काय, कुठे पळून जात नाही."

"इतिहास नाही पळत, बाई. तास पळतो."

"मुलांचीच मागणी आहे हो. हा बघा अर्ज."

अर्जावर बत्तीस सह्या. तिसरी सही आमच्या ठकीची. ठकी म्हणजे माझं एकुलतं एक कन्यारत्न, नववीतच आहे, माझ्याच वर्गात पहिल्या बाकावर बसते. शाळेच्या फाटकात शिरलं की मी 'सर', बाहेर पडलं की 'बाबा', हा नियम मीच घालून दिलेला. घरी चिडली की मात्र मुद्दाम 'सर' म्हणते.

सही चांगली ठळक होती. जेवताना विचारलं तेव्हा म्हणाली, "बाबा, तुझ्याविरुद्ध नाहीये ते. बाई म्हणाल्या, एका तासात सगळे प्रश्न संपत नाहीत."

हे प्रश्न म्हणजे बाईंच्या दाराशी ठेवलेला बिस्किटांचा रिकामा डबा. झाकणाला चीर पाडली आहे. मुलांनी नाव न घालता चिठ्ठी टाकायची, दर शुक्रवारी बाई डबा उघडणार आणि वर्गात वाचून उत्तरं देणार. झोप का येत नाही, घाम का येतो, मित्र बोलेनासा झाला तर छातीत का दुखतं. माझ्या वर्गात भिंतीवर मी पाच प्रश्न लावले आहेत. कोणतंही साधन तपासताना विचारायचे: कोणी लिहिलं, कधी लिहिलं, कोणासाठी, कशासाठी, आणि काय लिहायचं टाळलं. त्या तक्त्यावर पाच वर्षांची धूळ आहे. डबा मात्र दर आठवड्याला भरतो.

आज जेवताना 'बाई म्हणाल्या' अकरा वेळा झालं. मी मोजलं.

सोमवार, १२ सप्टेंबर

आज मुलांना हसवायचंच असं ठरवून वर्गात गेलो. पुठ्ठ्याचा मुकुट केला होता. शेवटचा सम्राट सिंहासनावरून उतरतो तो प्रसंग मी स्वतः करून दाखवला, खुर्चीवरून खाली उतरलो, थोडा लंगडलो सुद्धा. वर्ग गप्प. मग आमचा गोलकीपर (शाळेच्या संघाचा, उंच, सरळ मनाचा, अक्षर मात्र कोंबडीने ओढल्यासारखं) उभा राहिला आणि म्हणाला, "सर, तुम्हाला बरं वाटतंय ना?" त्यावर वर्ग हसला. पलीकडच्या भिंतीतून कुणी हसलं असतं तरी मला एवढं लागलं नसतं.

एवढं बोलायचं म्हणजे घसा कोरडा पडतो. हल्ली मी पाण्याच्या दोन बाटल्या नेतो, त्या दुपारच्या आत संपतात. ठकी पहिल्या बाकावर मान खाली घालून काहीतरी लिहीत होती. एवढ्या वर्गात एका तरी पोरीला टिपणं घ्यावीशी वाटली, यातच समाधान मानलं.

मधल्या सुट्टीत आरोग्याच्या बाई शिक्षकांच्या खोलीत माझ्याशेजारी येऊन बसल्या. "सर, तुमच्या तासाचा आवाज येतो मला. छान सांगता." मी म्हणालो, "तुमच्याकडच्या टाळ्यांमधून ऐकू येतो का?" त्या नुसत्या हसल्या. दात चांगले आहेत. त्याचाही राग आला.

बुधवार, १४ सप्टेंबर

गेलेल्या तासाचा पहिला बुधवार. रिकाम्या वर्गात बसून वह्या तपासल्या. मुलांचं अक्षर दिवसेंदिवस पुसट होत चाललंय. नवी पेनं, दुसरं काय.

घरी आल्यावर एक गंमत झाली. बूट काढला तर मोज्यावर रुपयाएवढा लाल डाग. तळव्याला, अंगठ्याच्या खाली, नकाशा लावायची टाचणी खोलवर घुसलेली! दुसऱ्या तासाला नकाशा भिंतीवरून निसटला होता, तेव्हा टाचण्या सांडल्या होत्या. त्यातली एक बुटाच्या तळातून वर आली असणार. म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी टाचणीवर चालत होतो आणि मला पत्ता नाही. ठकीला दाखवून म्हणालो, "बघ, याला म्हणतात शिक्षकाचा पाय. उभं राहून राहून निबर झालाय."

ती हसली नाही. "बाबा, दुखलं नाही तुला?"

"छे."

"थोडंसंही नाही?"

"सांगतोय ना, अजिबात नाही."

तिचा चेहरा उतरला. पोरी घाबरट असतात. तिने पाणी आणलं, औषध लावलं, पट्टी बांधायला घेतली. मी आपला घाईने गुंडाळायला गेलो तर म्हणाली, "असं नाही, बाई म्हणाल्या, आधी..." तिथे माझी तळपायाची आग मस्तकात गेली. माझा पाय, माझं घर, आणि पट्टी त्यांच्या पद्धतीने? मी ओरडलो. फार मोठ्याने नाही, पण ओरडलो. टाचणी फेकायला गेलो तर तिने मागून घेतली. मुलींना काय जमवायला आवडेल सांगता येत नाही.

गुरुवार, १५ सप्टेंबर

आज जे केलं ते लिहावं की नाही, यावर एक कप चहा गेला. लिहितो. दरबारी बखरीसारखं सोयीचं तेवढंच लिहायचं असेल तर वही कशाला.

शाळा सुटल्यावर मी वह्या न्यायला वर गेलो. व्हरांडा रिकामा. डबा बाईंच्या दाराशी, झाकण नीट बसलेलं नव्हतं. माझ्या मनात एवढंच होतं की एखादी चिठ्ठी बघावी, पोरं काय वाह्यात प्रश्न विचारतात ते कळावं, आणि जमल्यास मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवून विचारावं, की यासाठी माझा तास घेतलात का? वरचीच उचलली. तेवढ्यात जिन्यावर कुणाची तरी पावलं वाजली आणि चिठ्ठी माझ्या खिशात गेली. पावलं खालच्या खाली निघून गेली. मीही आलो.

त्या चिठ्ठीत वाह्यात काही नाही. जशीच्या तशी उतरवतो:

"आमच्या घरातल्या एका मोठ्या माणसाला सारखी तहान लागते. रात्री चार-पाच वेळा उठावं लागतं. नीट दिसत नाही पण ते मान्य करत नाहीत. पायाला लागलं तरी कळत नाही. तुम्ही शिकवलं तेच असेल का? डॉक्टरकडे चला म्हटलं तर चिडतील. तुमचं नाव घेतलं तर जास्तच चिडतील. त्यांना वाईट न वाटता कसं सांगायचं? लवकर सांगा."

शुक्रवार, १६ सप्टेंबर

चिठ्ठीचा अभ्यास केला. माझेच पाच प्रश्न लावले. कोणी लिहिलं? अक्षर गोलकीपरचं, यात तिळमात्र शंका नाही, तीन वर्षं मी ते वाचतोय. कधी? याच आठवड्यात, कागद ताजा आहे. कोणाबद्दल? मोठा माणूस, तहान, दिसत नाही: उघडच आजोबा. हट्टी असणार. आरोग्याच्या बाईंचं नाव घेतल्यावर चिडतात, म्हणजे जुन्या वळणाचे, बाईमाणसाचं ऐकून न घेणारे. बिचारा पोरगा. अशा म्हाताऱ्याबरोबर राहायचं म्हणजे रोजची तारेवरची कसरत.

निष्कर्ष इतका बिनचूक निघाला की स्वतःचंच कौतुक वाटलं. हे शिक्षण मी देतो. बाईंना जमेल का अक्षरावरून माणूस ओळखायला?

सकाळी पहिल्या तासाच्या आधी चिठ्ठी परत टाकायची ठरवलं होतं, पण मी पोहोचलो तोवर बाई डबा आत घेऊन गेल्या होत्या. भिंतीपलीकडून ऐकत बसलो. बाईंनी सात चिठ्ठ्या वाचल्या. माझ्या खिशातली आठवी.

ठकी घरी आली ती गप्पच. 'बाई म्हणाल्या' आज शून्य.

सोमवार, १९ सप्टेंबर

आज चिठ्ठी परत टाकता आली असती. दोनदा डब्यापाशी गेलो. दोन्ही वेळा मुलं होती असं लिहिणार होतो, पण दुसऱ्या वेळी कुणी नव्हतं. टाकली नाही. टाकली की बाई ती वाचणार, सुंदर उत्तर देणार, पुन्हा टाळ्या. गोलकीपरच्या आजोबांचं मीच बघेन. मुलांच्या अडचणी सोडवायला शाळेत काय एकच शिक्षिका आहे?

शुक्रवार, २३ सप्टेंबर

आज इतका आनंद झाला की लाज वाटते, पण झाला.

ठकी दप्तर टाकून म्हणाली, "बाई सगळ्या चिठ्ठ्या वाचत नाहीत."

मी अगदी सहज विचारलं, "म्हणजे?"

"ज्या त्यांना कठीण वाटतात त्या गाळत असतील. मला काय माहीत." आणि डोळ्यांत पाणी.

मला काय वाटलं ते इथेच लिहू शकतो. मला वाटलं, आली घरी. माझी पोर परत आली. मी तिची समजूत काढली, म्हणालो, "अगं, प्रत्येक शिक्षकाला मर्यादा असतात." एवढ्या मोठ्या मनाने मी आजवर कुणाबद्दल बोललो नसेन. मग तिला घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. आइस्क्रीम घेतलं. तिने अर्धं सोडलं, म्हणून माझं आणि तिचं उरलेलं, शिवाय आणखी एक, असं मीच संपवलं. हल्ली गोड खाल्ल्यावर डोळ्यांवर झापड येते, पण आज ती सुद्धा सुखाची वाटली.

तिने दोनदा विचारलं, "बाबा, पाय दाखवतोस?" दोनदा सांगितलं, "बरा आहे." चांगली संध्याकाळ होती. मला ती पायावर घालवायची नव्हती.

मंगळवार, २७ सप्टेंबर

पाय तितकासा बरा नाही. दुखत नाही, पण बूट घट्ट होतो आणि मोजा ओला येतो. मोजे मीच धुतो, ठकीच्या नजरेला नको. वासही येतो, बूट जुने झालेत. काल रात्रीपासून अंग कसकसतंय. तास बसून घेतला.

गोलकीपरला मधल्या सुट्टीत बाजूला घेतलं. खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, "आजोबा कसे आहेत?"

"कोणते, सर? दोन आहेत."

"ज्यांना फार तहान लागते ते."

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी पेनल्टीची किक मारून चेंडू त्याच्या पोटात घातला असावा. "सर, एक आजोबा रोज पोहायला जातात. दुसरे... दुसरे पण बरे आहेत."

"घाबरू नकोस. मला सगळं माहीत आहे. त्यांना वाईट न वाटता सांगायचं असेल तर मी येतो तुझ्याबरोबर घरी."

"नको सर!" असं म्हणून तो पळालाच. लपवतोय. घरातली गोष्ट बाहेर गेली की मुलं अशीच बावरतात. पण मी विचारलं, हे त्याच्या लक्षात राहील. बाईंनी तर त्याची चिठ्ठी वाचली सुद्धा नाही. (नाही वाचली ती माझ्यामुळे, हे मान्य.)

बुधवार, २८ सप्टेंबर

ताप आहे. तरी लिहितो.

शाळेतून आल्यावर ठकीने दप्तर काढलं नाही. जेवणाच्या टेबलापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, एक साधन तपासायचं आहे."

घरात 'सर'. मी म्हणालो, "काय झालं?"

"तुम्ही काल गोलकीपरला विचारलंत, तहान लागणारे आजोबा कसे आहेत. तहानेचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"बोलण्यात आलं असेल कुणाच्या तरी."

"कुणाच्या? त्याच्या आजोबांना तहान लागत नाही. ते वाक्य तीनच ठिकाणी होतं. माझ्या डोक्यात, त्याच्या हातात आणि डब्यात."

मला अजूनही कळेना. मी म्हणालो, "तुझ्या डोक्यात कसं? अक्षर त्याचं आहे."

"चिठ्ठी स्वतः लिहायची नसते," ती म्हणाली. "एकाने सांगायची, दुसऱ्याने लिहायची. नाहीतर अक्षर ओळखतात. तुम्ही ओळखता म्हणूनच तर वर्गाने तसं ठरवलंय. सगळ्यांना माहीत आहे, फक्त तुम्हाला नाही."

एकेक शब्द माझ्यासमोर येऊन बसत गेला. तहान. रात्री उठणं. टाचणी. 'तुमचं नाव घेतलं तर जास्तच चिडतील.' हट्टी, जुन्या वळणाचा म्हातारा. सव्वीस वर्षं जो पाचवा प्रश्न मी पोरांना घोकायला लावला, काय लिहायचं टाळलं, तो मी या चिठ्ठीला विचारलाच नव्हता. नातं टाळलं होतं. 'बाबा' हा शब्द टाळला होता, मला सांभाळण्यासाठी.

मी ही वही उघडली आणि चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. तिने ती हातात घेतली नाही.

"दोन शुक्रवार मी शेवटपर्यंत बसून राहिले," ती म्हणाली. "मला वाटलं माझा प्रश्नच मूर्खपणाचा आहे म्हणून बाईंनी गाळला. मग मी विचारायचंच सोडून दिलं. आणि तुम्ही मला आइस्क्रीम खायला नेलंत."



"पाय दाखवा," ती म्हणाली.

दाखवला. ती ओरडली नाही, नाक सुद्धा मुरडलं नाही. मोजा काढताना मीच पहिल्यांदा नीट बघितलं. अंगठा काळपट पडला होता.

शनिवार, १ ऑक्टोबर

इस्पितळातून लिहितोय. काल सकाळी उजव्या पायाचा अंगठा काढला. रक्तातली साखर किती होती तो आकडा डॉक्टरांनी सांगितला, मी विसरलो. ठकीला विचारलं तर कळेल, तिने लिहून घेतला आहे. अंगठ्यावर निभावलं म्हणतात. "दहा दिवस आधी आला असतात तर अंगठाही राहिला असता," असं डॉक्टर म्हणाल्या. दहा दिवस. मी हिशेब मनात केला आणि तो हिशेब ठकीनेही केलेला तिच्या तोंडावर दिसला.

हिला फोन केला. ती रडली, मग भरपूर बोलली, मग पुन्हा रडली. बाळाला परवा पेटीतून बाहेर काढणार आहेत. काढलं की येते म्हणाली.

गुरुवारचं लिहायचं राहिलं आहे.

सकाळी ठकी मला सरळ आरोग्याच्या बाईंच्या वर्गात घेऊन गेली. शाळा भरायची होती. बाईंनी मला मुलांच्या बाकावर बसवलं, खाली गुडघ्यांवर बसून पाय हातात घेतला, बघितला आणि गाडी बोलावली. माझ्या मनात काय आलं ते लिहितो, कारण आलं: ठकीने त्यांची पर्स न सांगता उचलून धरली, माझी पिशवी नाही.

गाडीत मी सांगून टाकलं. "बाई, ठकीची चिठ्ठी डब्यातून मी काढली होती."

"मला वाटत होतं तिला लिहायचा धीर होत नाहीये," त्या म्हणाल्या. "दोन शुक्रवार ती वर्ग रिकामा होईपर्यंत थांबली. मी विचारायला हवं होतं. पण नाव विचारायचं नाही, हा माझाच नियम."

मी शिव्यांची वाट बघत होतो. त्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मला त्यांच्यात एखादी तरी खोड सापडली असती.

इस्पितळात डॉक्टर एकामागून एक विचारत सुटल्या. तहान कधीपासून? वजन कधीपासून उतरलं? जखम नेमकी कधीची? मला एकाही प्रश्नाची तारीख सांगता येईना. सनावळ्या पाठ असलेला माणूस मी. "असेल महिना, दोन महिने," एवढंच म्हणत राहिलो.

ठकीने दप्तरातून वही काढली. माझ्या तासाला ती ज्या वहीत लिहायची तीच. उभं राहून वाचायला लागली.

"तीन ऑगस्ट. ते रात्री चार वेळा उठले. कोणी पाहिलं: मी ऐकलं, दाराची कडी वाजते. खात्री: पक्की. सव्वीस ऑगस्ट. पट्टा एक भोक आत गेला. कोणी पाहिलं: आई. खात्री: पक्की, आईने स्वतः भोक पाडलं. बारा सप्टेंबर. तिसऱ्या तासाला पाण्याच्या दोन्ही बाटल्या संपल्या. कोणी पाहिलं: सगळ्या वर्गाने. खुर्चीवरून उतरताना लंगडले, पण ते नाटक असू शकेल. खात्री: नाही. चौदा सप्टेंबर. टाचणी. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच. दुखलं नाही असं दोनदा म्हणाले. पुरावा जोडला आहे." पानाला चिकटवलेली टाचणी तिने डॉक्टरांना दाखवली. "तेवीस सप्टेंबर. आइस्क्रीम, अडीच. अठ्ठावीस सप्टेंबर." तिथे ती थांबली. "हे नको वाचायला. याचा आजाराशी संबंध नाही."

डॉक्टरांनी वही मागून घेतली आणि पानं उलटून बघितली. मग म्हणाल्या, "मोठी माणसं सुद्धा इतकं नीट सांगत नाहीत. तारीख, साक्षीदार, खात्री. हे असं लिहायला तुला कुणी शिकवलं?"

आरोग्याच्या बाई शेजारीच उभ्या होत्या. मी मान भिंतीकडे वळवली. आता 'बाई' म्हणणार, आणि माझ्या पायाचं काय व्हायचं ते होवो, एवढं तरी ऐकायला नको होतं. अशा वेळी सुद्धा माझ्या पोटात दुखतच होतं.

"इतिहासाच्या सरांनी," ती म्हणाली.

बाबांनी, असं म्हणाली नाही. बुधवारपासून ती मला एकदाही बाबा म्हणालेली नाही. येते, जेवण भरवते, औषधाची वेळ लिहिते, 'सर, पाय वर घ्या' म्हणते. डॉक्टरांना वाटलं शिक्षकांबद्दल केवढा आदर आहे. बाईंना कळलं असावं, त्या खिडकीपाशी गेल्या.

आज दुपारी मी एक चिठ्ठी लिहिली. दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यायला हवी होती, पण या वॉर्डात माझी कुणाशी तेवढी ओळख नाही, म्हणून माझ्याच अक्षरात लिहिली. एका मोठ्या माणसाने एका मुलीची चिठ्ठी घेतली, ती परत टाकायची संधी असून टाकली नाही, कारण त्याचा जळफळाट होत होता. आता तिची माफी कशी मागायची, एवढाच प्रश्न. घडी घालून ठकीला दिली आणि म्हणालो, "सोमवारी बाईंच्या डब्यात टाकशील?"

तिने ती घेतली. मला वाटलं उघडेल. उघडावी असंही वाटलं, खरं सांगायचं तर त्यासाठीच तिच्या हातात दिली होती.

तिने घडी आणखी एकदा दुमडली आणि कंपासपेटीत ठेवून झाकण लावलं.

"दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या मी वाचत नाही, सर," ती म्हणाली, आणि माझी उशी नीट करायला लागली.

डबा शुक्रवारी उघडतो. सात तारखेला. अजून सहा दिवस आहेत.